उंदराच्या शेपटीचा खरवस

मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होतो असं सांगितलं की लोक बेडकाबद्दल विचारतात. बेडूक जिवंत असायचा का, पोरं पळायची का, पोरी किंचाळायच्या का. मी हो म्हणून टाकतो, कारण खरं उत्तर लांब आहे आणि जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखं नाही. खरं उत्तर असं, की नोकरीतली सगळ्यात अभिमानाची वर्षं मी धाराशिवात बसून उंदरांच्या शेपट्यांपासून खरवसासारखा एक पदार्थ करत होतो आणि तो एस.टी.नं पुण्याला पोचवत होतो. खाण्यासाठी नव्हे. 'आपल्या कामाबद्दल लिहा' असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्याही मनात बेडूकच असणार. त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी काम सांगतो. आपली कातडी, हाडं, स्नायूंचे बंध या सगळ्यांना एक चिवट धागा धरून ठेवतो. त्याचं नाव कोलॅजन. शरीरातल्या पेशी या धाग्यांच्या जाळीत राहतात. खाली धागे, वर धागे, चारी बाजूंना धागे. प्रयोगशाळेत मात्र तेव्हा पेशी वाढवायच्या त्या काचेच्या बशीत, सपाट तळावर. काचेवर पेशी थापलेल्या भाकरीसारखी पसरते. जगते, वाढतेही, पण आपला धंदा विसरते. दुधाच्या ग्रंथीतली पेशी असेल तर तिला दुधाचा विसर पडतो. तीच पेशी कोलॅजनच्या मऊ, पाणीदार थरात ठेवली तर ती गोल होते, शेजारणींना धरते आणि तिला घरचं काम आठवायला लागतं. सत्तरीच्या दशकात हे जगाला नुकतं कळत होतं. आमच्या जिल्ह्याला कळायचं काही कारण नव्हतं.

हे कोलॅजन उंदराच्या शेपटीत जितकं शुद्ध मिळतं तितकं सहसा दुसरीकडं मिळत नाही. शेपटी स्पिरिटमध्ये बुडवून घ्यायची. टोकाशी चिमट्यानं धरून मणका मोडायचा आणि हळू ओढायचं. टोकाबरोबर पांढरे, मोत्यासारखे चमकणारे दोरे सरसर बाहेर येतात. घाई केली तर तुटतात. ते दोरे धुऊन अगदी पातळ आम्लात, लोणच्याच्या व्हिनेगरमध्ये असतं त्याच जातीच्या, थंडीत ठेवायचे. ते साबुदाण्यासारखे फुगतात, मग विरघळतात, आणि पाकासारखं दाट, नितळ पाणी हाती येतं. इथवर संयम पुरतो. पुढं हात लागतो. या पाण्यात पेशींचं अन्न घालायचं, आम्ल मारायला कॉस्टिकचे थेंब सोडायचे, रंग पिवळ्याचा गुलाबी झाला की थांबायचं. आणि हे सगळं बर्फात. कारण एकदा आम्ल मेलं की हे मिश्रण फक्त उबेची वाट बघत असतं. अंगाइतकी ऊब मिळाली की पाहता पाहता त्याचा थरथरणारा खरवस होतो. आमचे प्रयोगशाळा परिचर गफूरभाई यांनी पहिल्यांदा बशी हलवून पाहिली आणि म्हणाले, "सर, ह्यात इलायची तेवढी कमी पडली." तेव्हापासून आमच्या कॉलेजात कोलॅजन हा शब्द कुणी वापरला नाही.

मला हे शिकवलं पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडमनी. एम.एस्सी. झाल्यावर काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. बाई बोलायला तुटक, कामाला सोनाराच्या हाताच्या. मी धाराशिवला लेक्चरर म्हणून आलो, त्यानंतर एका सुटीत त्यांना भेटायला गेलो तर प्रयोगशाळा सुतकात असल्यासारखी. त्यांच्या पांढऱ्या उंदरांत रोग पसरला होता, सगळी वसाहत मारून टाकावी लागली होती. परदेशातून कोलॅजन मागवायचं तर परवान्यांपायी वर्ष जाणार. मॅडमनी चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे उंदीर आहेत का हो?"

आमच्या जिल्ह्याकडं कुणीतरी काही मागण्याची ही माझ्या माहितीतली पहिलीच वेळ. तोवर आम्ही फक्त घेत आलो होतो: धान्य, सुकडी, टँकर, मंत्र्यांची सहानुभूती.

उंदीर होते. दुष्काळाचं साल सरून बरं साल आलं की माणसाच्या आधी उंदीर सावरतो. तेरणेच्या काठच्या ज्वारीत तेव्हा इतके उंदीर होते की सरकारनं मोहीम काढली होती. शेतकऱ्यानं उंदीर मारायचा, शेपटी पुरावा म्हणून आणून दाखवायची. म्हणजे मला जे हवं होतं ते शासन गोळा करतच होतं, आणि मोजून झालं की पुरतही होतं. काळ्या उंदराचं कोलॅजन चालेल का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पांढऱ्याचं आणि काळ्याचं चाखूनसुद्धा ओळखता यायचं नाही." कुणी चाखलं होतं, हे मी विचारलं नाही.

मोहिमेचे साहेब मोठे उत्साही गृहस्थ. त्यांना भेटून सांगितलं की विज्ञानासाठी शेपट्या हव्यात. 'विज्ञान' म्हटल्यावर त्यांनी कोटाचं बटण लावलं. दोन आठवड्यांनी जीप कॉलेजच्या दारात, जीपमध्ये तेलाचा मोठा डबा, डब्याला हार. उघडला आणि वास आला तेव्हाच मी मनात डोक्याला हात लावला. शेपट्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवल्या होत्या.

"आमच्या आफिसातलं एक पोरगं तुमच्याच कॉलेजात शिकलंय, सर," साहेब कौतुकानं म्हणाले. "त्येनं सांगितलं, तितं समदं फॉर्मॅलिनमधीच असतंय. साप, इंचू, त्ये दोन तोंडाचं करडू."

"त्यांना आता कुठं जायचं नाही, साहेब," मी म्हणालो. "ह्यांना अजून पुण्याला जाऊन कामाला लागायचंय."

फॉर्मॅलिन कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत गाठी मारतं. गाठी बसल्या की कुठलंही पातळ आम्ल त्यांना सोडवू शकत नाही. एक मूठभर दोरे मी तरी भिजत घातले, आशेवर. आठवड्यानं पाहिलं तर होते तसेच, ताठ, निर्विकार. दुसऱ्या खेपेला मी बजावलं, फॉर्मॅलिन नको. तर शेतकऱ्यांनी शेपट्यांना मीठ लावून, सुतळीत ओवून, मिरच्यांसारख्या उन्हात वाळवून पाठवल्या. त्यांतले दोरे सतारीला चालले असते.

शेवटी मीच शेतावर जायला लागलो. शनिवारी बर्फाची लादी भुशात गुंडाळून, डब्यात घालून, दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन तेरणेकाठच्या तेर गावाला. उंदीर बिळातून निघाला, काठी बसली, की शेपटी थेट बर्फात. त्या विद्यार्थ्यांत विजया होती, शेवटच्या वर्षाची. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब, त्यांची ती पुतणी. पहिल्या दिवशी ती पदर तोंडाला लावून बांधावर उभी राहिली, दुसऱ्या खेपेला डबा धरला, तिसऱ्या खेपेला तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "सर, तुम्ही तोडताय," म्हणाली. खरंच तोडत होतो. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, आणि एवढं मान्य करण्याइतकी अक्कल मला होती.

शेतातल्या लोकांना आम्ही औषध करतो अशी खात्री होती. एक आजोबा तेरहून एस.टी.नं आले, कॉलेजच्या पायऱ्या कशाबशा चढले आणि टेबलावर गुडघा ठेवून म्हणाले, "लावा मास्तर." हे लावायचं नसतं म्हटलं. "मग पाजा." तेही नाही म्हटल्यावर म्हातारा चिडला, "मग उंद्राच्या जिवाचं काय सोनं केलं तुमी?" आज कोलॅजनचीच भुकटी गुडघ्यांसाठी डब्यांतून विकतात. आजोबा काळाच्या पुढं होते. थोडे घाईत होते इतकंच.

पहिली बाटली घेऊन मीच पुण्याला निघालो. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. कंडक्टरनं थर्मास उचलून कानाशी हलवला.

"तेरखेड्याचा माल न्हाय ना? उडंल बिडंल, गाडी माज्या नावावर हाय."

"फटाका नाही. हे गरम झालं की उडत नाही, बसतं."

"बसतंय तर तिकीट काढा त्येचं बी," तो म्हणाला आणि पुढं गेला.

मॅडमनी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, धार पाहिली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आमच्या खरवसात उंदराच्या दूधग्रंथीच्या पेशी होत्या. काचेवर मी त्या अनेकदा पाहिल्या होत्या, चपट्या आणि उदास. इथं त्या गोल घेर धरून उभ्या होत्या, मधे पोकळी, फेर धरलेल्या बायकांसारख्या. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मॅडम मागून म्हणाल्या, "छान बसलंय. पुढची बाटली कधी?" बाईंच्या तोंडचं 'छान' मी तोवर ऐकलं नव्हतं. परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही आणि त्याचं काही वाटलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा घरी माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते.

त्याचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो. त्याआधी गावची मेलेली जनावरं ओढून नेणं हे आमच्या वस्तीचं काम होतं. काम म्हणजे धंदा नव्हे, हुकूम. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सोडलं आणि वस्तीला सोडायला लावलं. सोडणं सोपं असतं, सोडलेलं टिकवणं अवघड. बहात्तरच्या दुष्काळात गावात जनावरं पटापट मरायला लागली तेव्हा लोक वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. "चला रं, वडा." दादा म्हणाले, "ज्येचं ढोर त्येनं वडावं." दोन दिवस एक बैल वस्तीच्या वाटेवर कुजत ठेवला होता. दादा त्याच्या वासातून रोज खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले आणि परत आले. शेवटी मालकानं स्वतःच बैल गाडीला बांधून नेला. त्यानंतर कुणी हाक मारायला आलं नाही. माझं शिक्षण, नोकरी, इस्त्रीचा सदरा, सगळं त्या एका नकारावर उभं आहे असं मी समजतो.

आणि बाजारात कुणीतरी दादांना गाठून म्हणालं, "तुमचं सायब पोरगं कालिजात उंद्रं सोलतंय म्हनं!"

मी जेवायला बसलो होतो. दादा दारातूनच म्हणाले, "म्या जे हातातनं खाली ठिवलं, त्ये तू एम्मेस्सी हून उचाललंस व्हय?"

मी समजावू लागलो. पेशी, पुणे, मॅडम. डॉक्टर नाही का मुडदे फाडत?

"डाक्टराला कुनी म्हनत न्हाय, तुजा बा बी ह्येच करत हुता."

दादांनी आपलं ताट उचललं आणि बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून ते मला लागेल तेवढंच बोलायचे, तेही आईमार्फत. मी काम थांबवलं नाही. पण प्रत्येक दोरा ओढताना एक प्रश्न त्याच्याबरोबर ओढला जायचा: हे मी निवडलं आहे, की फिरून माझ्याच वाट्याला आलं आहे? कॉलेजातले माझे काही सहकारी दारातून डोकावत, नाकाला रुमाल लावत आणि म्हणत, "तुम्हाला जमतं बुवा." वाक्य कौतुकाचं होतं. मी ते कौतुक म्हणून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती.

अशात अण्णासाहेबांना आमच्या खरवसाचा सुगावा लागला.

अण्णासाहेब दूध, सूत, बियाणं, घरबांधणी अशा अनेक सहकारी संस्थांचे अध्यक्ष होते. त्यांतल्या काहींत दूध आणि सूत होतंही. त्या काळात आमच्याकडं संस्था आधी निघायची, मग ती काय करणार ते ठरायचं. पुण्याचे शास्त्रज्ञ धाराशिवचा माल वापरतात हे ऐकल्यावर त्यांनी मला आणि प्राचार्यांना बंगल्यावर बोलावलं. फलक रंगवून भिंतीला टेकवलेला होता: 'जैव-धागा उत्पादक सहकारी संस्था (नियोजित)'. संचालक मंडळ ठरलं होतं. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. माझी नेमणूक तेव्हा कायम व्हायची होती आणि त्यावर सही अण्णासाहेबांची लागायची, हेही या जागी सांगून ठेवतो.

"मोठं करायचं, सर," अण्णासाहेब म्हणाले. "तुम्ही कशाला हात घाण करता? तुमच्या वस्तीवरची पंधरा-वीस माणसं लावू शेपट्या सोलायला. त्यांचा पिढीजात हात हाय. तुम्ही फक्त देखरेख करा."

प्राचार्य छताकडं बघायला लागले. अण्णासाहेब वाईट बुद्धीनं बोलले नव्हते. ते रोजगार देत होते. तीच तर पंचाईत होती.

मी म्हणालो, "अण्णासाहेब, पिढीजात हात असता तर मलाच शिकायला लागलं नसतं. मला शेपटी ओढायला शिकवलं ते पुण्याच्या एका कोकणस्थ बाईंनी. पिढीजातच बघायचं असेल तर माणसं सदाशिव पेठेतून आणावी लागतील."

प्राचार्यांना खोकला आला. अण्णासाहेब हसले, पण तोंडानंच.

"मग करनार कोन? संचालक मंडळ?"

"ज्याला ह्यात नाव हवंय त्यानं. माझ्या टेबलावर पहिल्यापासून तेच चालतं. आपली शेपटी आपण ओढायची. विजया ओढते, गफूरभाई ओढतात, मी ओढतो. उद्या संस्था झाली तर अध्यक्षांनी निदान एक ओढावी. वस्तीवरचं कुणी शिकून, अर्ज करून आलं तर त्याचं स्वागत आहे. हाक मारून कुणाला आणायचं नाही."

"विजया?" अण्णासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. पुतणी प्रयोगशाळेत जाते हे त्यांना माहीत होतं. तिथं ती काय करते हे नव्हतं. त्यांनी आत हाक मारली. विजया चहाचा ट्रे घेऊनच आली.

"तू उंद्रं सोलतीस?"

"सोलत न्हाय काका, दोरं काढते. लई सुरेख निघत्यात. दाखवू का?"

"लगीन व्हायचंय तुजं!"

"मग काय झालं? नवऱ्याला शेपूट असली तर बघता येईल," विजया म्हणाली आणि ट्रे ठेवून आत गेली.

मी बंगल्याबाहेर पडलो तेव्हा नोकरी गेली असं धरून चाललो होतो. ती गेली नाही. कायम व्हायला मात्र इतरांपेक्षा बरीच वर्षं जास्त लागली. संचालकांच्या कानावर अट गेल्यावर एकेकाला शेतीची कामं आठवली आणि संस्था 'नियोजित' या कंसातून कधी बाहेर आली नाही. पण उद्घाटन झालं. कारण पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि आपल्याकडं छापलेल्या पत्रिकेपुढं कुठल्याही तत्त्वाचं काही चालत नाही.

उद्घाटन एप्रिलात, दुपारी. प्रयोगशाळेसमोर मांडव, लाऊडस्पीकर, सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार. मंत्रिमहोदय मिश्रण बशीत ओततील, ते सर्वांसमक्ष घट्ट होईल आणि टाळ्या वाजतील असा कार्यक्रम होता. मी स्वागतापूर्वीच मिश्रण तयार करून, काचेच्या नळकांडीत भरून बर्फात ठेवलं, कारण पत्रिकेत स्वागतानंतर लगेच प्रात्यक्षिक होतं. पण स्वागताला सत्कार जोडला गेला, सत्काराला प्रास्ताविक, आणि प्रास्ताविकाला अण्णासाहेब. बर्फ पाणी झालं. मी व्यासपीठाकडं खुणा करत होतो, त्यांना वाटलं मी टाळ्या मागतोय. मंत्री उठले ते बोलायलाच. सहकारातून विज्ञान, विज्ञानातून समृद्धी. धाराशिवच्या उन्हात मांडवाखाली त्या मिश्रणाला जेवढी ऊब हवी होती त्याहून जास्त मिळाली.

शेवटी मंत्र्यांनी नळकांडी बशीवर तिरकी केली. काही पडलं नाही. उलटी केली. तरी नाही. आत खरवस नळकांडीच्या आकाराचा, सुबक बसला होता.

गफूरभाई शेजारीच होते. ते अदबीनं म्हणाले, "साहेबांचं भाषन ऐकून ते बी जागीच बसलं."

मंत्री खळखळून हसले, म्हणून सगळे हसले, टाळ्या पडल्या, आणि मंडळी पुरणपोळीच्या जेवणाला निघून गेली. उत्पादनाचा गुण याहून चांगला सिद्ध झाला नसता, पण ते ऐकायला कुणी उरलं नाही.

आम्ही जेवायला गेलो नाही. सकाळीच तेरहून ताज्या शेपट्या आल्या होत्या आणि त्या उन्हात थांबणाऱ्या नव्हत्या. मॅडमची बाटली त्या आठवड्यात जायची होती. विजया, गफूरभाई आणि मी टेबलाशी बसलो. थोड्या वेळानं प्राचार्य आले. त्यांनी कोट खुंटीला लावला, बाह्या सारल्या आणि कुणाकडं न बघता एक चिमटा उचलला. पहिला दोरा तुटला. "हलक्या हातानं, सर," विजया म्हणाली. "हो हो," म्हणाले.

मान वर केली तर दारात दादा उभे होते. धुतलेलं धोतर, हातात काठी. मांडवाच्या मागच्या बाजूला, गर्दीत कुठंतरी ते सुरुवातीपासून असणार. मी उठणार, तर त्यांनी हातानंच 'बस' अशी खूण केली. आत आले नाहीत. गफूरभाईंनी स्टूल पुढं केलं तरी बसले नाहीत. उभ्यानं बघत राहिले.

आमचं काम संपेपर्यंत ते तसेच उभे होते. दोरे आम्लात पडले, बरणी बर्फात गेली. टेबलावर उरलं ते सगळ्या कामात उरतं तेच: सालटं, मणके, रक्ताचे डाग, माश्या. प्राचार्य हात धुवायला वळले.

"आन ह्ये कोन आवरनार?" दादा म्हणाले. इतका वेळ ते याच प्रश्नासाठी थांबले होते हे मला तेव्हा कळलं.

मी काही बोलायच्या आत विजयानं आपल्यापुढचं सगळं कागदावर गोळा केलं, परसातल्या खड्ड्यात टाकून आली, आणि फडक्यानं आपली जागा घासायला लागली. गफूरभाईंनी आपली घासली. प्राचार्य ओले हात घेऊन क्षणभर उभे राहिले. मग परत आले आणि त्यांनीही फडकं मागितलं. त्यांना ते नीट पिळता येत नव्हतं. पाणी सगळं त्यांच्या बुटांवर गेलं.

"ज्याचं त्यानं," मी दादांना म्हणालो. "इथं तोच नियम आहे."

दादांनी काठी दाराला टेकवली. आत येऊन ते टेबलाशी बसले आणि बर्फाच्या डब्यात बघितलं. तळाशी एक शेपटी राहिली होती.

"कसं वडायचं, पोरी?" त्यांनी विजयाला विचारलं.

तिनं टोकाशी चिमटा लावून दिला. "हितं मोडायचं, दादा. आन मग सावकाश."

दादांनी मोडलं, आणि ओढलं. खडी फोडलेला जड हात. मला वाटलं तुटणार. दोरा तुटला नाही. अख्खाच्या अख्खा बाहेर आला, लांब, पांढरा, आणि खिडकीतल्या उजेडात चमकला. दादांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "ह्येच्यात पेशी राहत्यात व्हय?" त्यांनी मला विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी मला थेट विचारलेली ती पहिली गोष्ट होती. मी हो म्हणालो. त्यांनी दोरा आपल्या हातानं बरणीत सोडला.

मी त्यांच्यापुढचं उचलायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नियम म्हनालास न्हवं?" म्हणाले, आणि फडकं घेऊन त्यांनी आपली जागा पुसली.